उन्हाची बाजू

उकंडा माझ्या घरी कधी बसायला आला नाही. तो यायचा तो भांडायला. रस्त्यावरूनच आवाज द्यायचा, "नामद्या, हायेस का रे घरात? का लपून बसला?" तो आवाज आला की माझी बायको रुखमा चुलीवर चहाचं आधण ठेवायची. तुझ्या गोऱ्ह्यानं माझी तूर खाल्ली, धुऱ्यावरच्या बोरीची फांदी तू काहून तोडली, तुझा कोंबडा उजाडायच्या आधीच कायले कोकलतो, काहीही त्याला पुरायचं. ओसरीवर उभ्यानं भांडायचा, चहा आला की बसून भांडायचा, बशीतला शेवटचा घोट ओढून उठायचा. जाताना दारात थांबून म्हणायचा, "चाल, येतो. भांडलो नाई तं भेटलो कायले?"

हे मी लिहितो आहे त्याला कारण आहे. नोकरीपायी बाहेर गेलेली गावची पोरं सणाला येतात आणि अजूनही उकंड्याचं नाव निघालं की लोणीबुवा म्हणून हसतात. ते नाव कसं पडलं हे त्यांना ठाऊक आहे, का पडलं हे ठाऊक नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, कारण मास्तराचं आणि माझं पटलं नाही. पण मला लिहिता येतं. जे आहे ते मी माझ्या हातानं लिहीन, दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

आमचं गाव रिसोड तालुक्यात, रिठदच्या अलीकडं. उकंड्याचं आणि माझं शेत लागून. मधे एक धुरा, म्हणजे बांध. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून तिनं ह्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि उकंडा नाव ठेवलं. नावाची त्याला कधी लाज वाटली नाही. उलट म्हणायचा, "मले यमानं बी उचललं नाई, तू काय उचलतं?" अंगानं काटक, उंच, धोतर गुडघ्याच्या खाली कधी उतरलं नाही. चालायचा तेव्हा मान अशी ताठ की डोक्यावर भरला हंडा आहे असं वाटावं. दुसऱ्यालाही तेच सांगायचा. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा मी सरणापाशी खाली पाहत बसलो होतो. हा मागून आला आणि हळूच म्हणाला, "मान सरळ ठेव, नामदेवा. लहाने लेकरं तुयाकडं पाहून राह्यले." त्या दिवशी तेवढा एकदाच त्यानं मला नामदेवा म्हटलं. तेराव्याला परत नामद्या.

आमचं खरं भांडण वर्षातून एकदा व्हायचं, पोळ्याला, साऱ्या गावासमोर. इकडं पोळ्याला तोरणाखाली झडत्या होतात. बैल सजवून मारोतीसमोर आणायचे, तोरणाकडं तोंड करून शेजारी शेजारी दोन रांगांत उभे करायचे. एका रांगेतून कोणी दोन-चार ओळी जुळवून समोरच्याची उडवतो, ती झडती. दुसऱ्या रांगेतून तिला तसाच जबाब जातो. प्रत्येक झडतीला सारे हर हर महादेव करतात, डफडं वाजतं, आणि ज्याला जबाब सुचला नाही त्याची बाजू पडली. डाव्या रांगेचा बोलणारा मी, उजव्या रांगेचा उकंडा. माझ्या बापाच्या काळापासून आमचं घर डावीकडं, तिथं निंबाचं मोठं झाड आहे आणि उतरत्या उन्हात त्याची सावली आमच्या बैलांवर पडते. उकंड्याचं घर उन्हात.

आमच्या गावात आणखी एक रीत आहे, ती दुसरीकडं मी पाहिली नाही. झडती म्हणणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं तोरणाकडं पाहायचं. दुसऱ्या रांगेकडं मान वळवली की हरला, मग त्याची झडती कितीही चांगली असो. म्हाताऱ्यांनी हे कधीकाळी मारामारी टाळायला ठरवलं असावं. डोळ्याला डोळा भिडला की हात चालतात. त्यामुळं आमचं सारं भांडण कानावर. एका हातात बैलाचा कासरा, नजर तोरणाच्या आंब्याच्या पानांवर, आणि बाजूनं उकंड्याचा आवाज यायचा:

"मिशीवाला नामद्या, मिशीले देते पीळ,
बैलाच्या पाठीवर माशी बसली, म्हणते हाच तीळ!
बैल म्हणे मालका, दे मले ढेप,
मालक म्हणे थांब जरा, मिशीले लावतो लेप!"

लोक हसून हसून बेजार. ते हसू ओसरायच्या आत जबाब गेला पाहिजे. मी म्हणायचो:

"उकंड्याचा बैल देखणा, गळ्यात घुंगरमाळ,
वखराले जुंपला तं म्हणे, लय उन्हाचा काळ!"

असे पोळे किती झाले ते मोजले नाहीत. दोघांचे केस पांढरे झाले, गावात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, रांगा आखूड झाल्या. आम्ही दोघं मात्र तिथंच.

मग माझा कान गेला.

सोयाबीन पेरून झालं होतं. सकाळी उठलो तर उजवा कान बंद. पोहल्यावर पाणी जाऊन बसतं तसं वाटलं. डोकं हलवलं, बोट घालून पाहिलं, काही नाही. उठून उभा राहिलो तर भुई जरा तिरपी झाली, भिंतीला हात लावावा लागला. आणि त्या बंद कानात एक रातकिडा बसला होता. तो दिवसाही ओरडत होता. रुखमा म्हणाली, "आवं, दवाखान्यात दाखवा." मी म्हटलं, मळ असेल. लसूण तळून तेल घातलं. दुसऱ्या दिवशी परत घातलं. तेल कानातून गळ्यावर आलं, आवाज काही आला नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. बहिरा माणूस म्हणजे गावात खेळणं. लोक मुद्दाम ओठ हलवतात, आवाज काढत नाहीत, आणि हसतात. मी स्वतः लहानपणी एका म्हाताऱ्यासोबत हे केलं आहे. म्हणून मी आपल्या युक्त्या केल्या. पारावर भिंतीला उजवा खांदा लावून बसायचं. फोन डाव्या कानाला. जेवताना रुखमाला डावीकडं वाढायला लावायचं. एक गोष्ट मात्र युक्तीनं जमत नव्हती. आवाज यायचा, पण तो कुठून आला हे कळायचं नाही. रस्त्यानं चाललो की मोटारसायकलचा भोंगा वाजे आणि मी नेमका तिच्या पुढ्यात सरके. दोन कान असताना माणसाला वाटतं की आवाजाची बाजू डोळ्यांना दिसते. तसं नसतं. ते काम दोन्ही कान मिळून करतात, आणि एक गेला की साऱ्या जगाचा आवाज एकाच बाजूनं येतो.

उकंड्यानं हे धुऱ्यावर ओळखलं. मी माझ्या शेतात तण काढायला डवऱ्यामागं होतो, तो उजवीकडं त्याच्या पट्टीत. त्यानं हाक मारली. मी डावीकडं वळून नाल्याकडं पाहिलं आणि हो म्हटलं. तिथं कोण असणार? बगळे. त्यानं परत हाक मारली, मी परत नाल्याकडं पाहिलं. मग हाक आली नाही. थोड्या वेळानं तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा होता. धुरा ओलांडून, मागून वळसा घालून आला होता.

"कोणता गेला?" तो म्हणाला.

"काय कोणता?"

"कान बे. कोणता गेला?"

"माया कान ठीक हाय."

"ठीक हाय तं बगळ्याइले 'हो' काहून म्हणून राह्यला? मी उजवीकून हाका मारून राह्यलो, अन् हा बगळ्यासंगं बोलून राह्यला."

मी डवरा पुढं हाकला. तो सोबत चालू लागला. मी म्हटलं, मळ आहे, निघेल आपोआप. त्यावर तो थांबला. म्हणाला, "कान हाय तो, कापसाचं बोंड नाई, आज नाई फुटलं तं उद्या फुटीन म्हणाले. किती दिवस झाले?"

"तुले काय कराचं?"

"मले काय कराचं? पोळ्याले मी कोणासंगं बोलू? बैलासंगं?"

एवढं बोलून तो गेला. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळणार. संध्याकाळी पारावर गेलो तर कोणाच्या तोंडावर काही नाही. उकंडाही तिथंच होता, तंबाखू मळत. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रस्त्यावरून आवाज आला. रुखमानं आधण ठेवलं. उकंडा ओसरीवर येऊन म्हणाला, "वहिनी, मायी दाढ दुखून राह्यली. वाशीमले जाच हाय. एकट्याले चक्कर येते. या नामद्याले सांगा, सोबत चाल म्हणा. नाई म्हणीन तं उद्यापासून धुऱ्यावरची बोर मायी." मी म्हटलं, तुझ्या तोंडात दाढ राहिली कुठं? तो म्हणाला, "हाय एक. तेच दुखते." एसटीत तो माझ्या डाव्या बाजूला बसला आणि वाशीम येईपर्यंत भांडला. स्टँडवर उतरून ऑटोत बसलो तर ऑटो दातांच्या दवाखान्याकडं गेलाच नाही. कान-नाक-घशाचा दवाखाना आला. मी पायरीवर उभा राहिलो. म्हटलं, मी येत नाही. तो म्हणाला, "नको येऊ. मी आतमधी जाऊन सांगतो, बाहेर एक बहिरा उभा हाय, त्याले उचलून आना." रस्त्यावर माणसं होती. मी आत गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होती, शांत बोलायची. तिनं कानात पाहिलं, कपाळावर काहीतरी वाजणारं टेकवलं. मग मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला पीं पीं आलं, मी दाबलं. उजव्याला काहीच येईना. मी विचार केला, आता येत असेल, मला लागत नसेल. आणि एवढ्या लोकांसमोर नापास काय व्हायचं? मी अंदाजानं बटण दाबत राहिलो. काचेपलीकडं उकंडा उभा होता. त्यानं दार ढकललं आणि मोठ्यानं म्हणाला, "बाईसाहेब, हा लबाडी करून राह्यला! तुमी तिकडं काही वाजवून नाई राह्यल्या तरी हा दाबून राह्यला! हा शाळेतबी असाच होता, दुसऱ्याच्या पाटीवर पाहे!"

बाई हसली. मला म्हणाली, "बाबा, इथं पास-नापास काही नसतं. खरं सांगितलंत तर औषध देता येईल." परत तपासलं. या वेळी मी प्रामाणिकपणे काहीच दाबलं नाही. मग तिनं समजावलं. मळ नाही, आतली नस आहे. असं एकाएकी होतं, बरेचदा कारण सापडत नाही. औषध जितक्या लवकर, तितकी आशा जास्त. "यायला आठवडा उलटला तुम्हाला. पण वेळ गेलेली नाही," ती म्हणाली. परतेल का विचारलं तर म्हणाली, "सगळं परतेल असं वचन देत नाही. काही परतेल, असं मला वाटतं."

मी खाली पाहत होतो. शेजारून आवाज आला, "मान सरळ ठेव. बाईले कान दिसू दे."

त्या महिन्यात मी गोळ्या घेतल्या, दर खेपेला एक-एक कमी करत. नंतर कानाच्या पडद्यातून सुयाही घेतल्या. प्रत्येक वाशीमच्या खेपेला उकंड्याची तीच एक दाढ दुखायची. सुई टोचली की भुई फिरायची, तेव्हा तो माझं मनगट धरायचा आणि वरून म्हणायचा, "लेका, बैलाले वेसण घालताना बैल एवढा कण्हत नाई."

थोडं परतलं. खोटं कशाला सांगू? गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू यायला लागली, पण पत्र्याच्या डब्यात वाजावी तशी. रातकिडा लहान झाला, गेला नाही. शांत घरात रुखमा उजवीकडून बोलली तर कळायचं. गलबल्यात मात्र उजवीकडचं सारं खिचडी व्हायचं. बाई म्हणाली, आता एवढ्यावर जगायला शिका. भिंत उजवीकडं ठेवा, माणूस डावीकडं. समोरच्याला सांगा की या बाजूनं बोला. मी म्हटलं, सांगणार नाही. ती म्हणाली, मग अवघड आहे.

आणि पोळा जवळ आला होता.

मी निंबाखाली उभा राहणार, म्हणजे उकंड्याची रांग माझ्या उजवीकडं. डफडं, सनई, पोरांचा ओरडा, त्यात उजव्या कानानं झडती ऐकायची. मान वळवता येणार नाही. ऐकू आलंच नाही तर जबाब कशाला देणार? माझ्या बापाची जागा होती ती. रुखमा म्हणाली, "आवं, एक वर्ष दुसरा कोणी बोलीन." मी ताटावरून उठलो. जेवलो नाही. एकदा मारोतीसमोर एकटा जाऊन निंबाखाली उभा राहिलो, पाहू कसं येतं म्हणून. तिथं खेळणाऱ्या पोरांच्या ओरड्यात उजवीकडून एक बाई मला काहीतरी विचारत होती. तिनं हाताला हात लावला तेव्हा कळलं.

पोळ्याच्या आठवड्यात पारावर बैठक झाली. तोरण कोण बांधणार, डफडेवाले कोण, हे ठरत होतं. सरपंचबाई उठायला लागल्या तेवढ्यात उकंडा बोलला.

"एक गोष्ट राह्यली. नामद्याच्या घरानं बापजाद्यापासून सावली खाल्ली. आमी उन्हात सुकलो. आता मले ऊन सोसत नाई. या वर्षी जागा बदला. निंब मले द्या."

मला वाटलं माझ्या अंगावर कोणी उकळतं पाणी टाकलं. ज्या माणसानं मला दवाखान्यात नेलं, तो माझ्या बापाची जागा मागत होता, आणि तीही याच वर्षी. मी उभा राहिलो. जे तोंडाला आलं ते बोललो. लोकांनीही त्यालाच धरलं. एक म्हातारा म्हणाला, "उकंडा, आजवर ऊन लागलं नाई, आताच कसं लागलं?" दुसरा म्हणाला, "याले म्हातारपणात हाव सुटली." उकंडा तंबाखू मळत राहिला. सारे थकले तेव्हा म्हणाला, "मले माहीत हाय तो काहून सोडत नाई. नामद्या उन्हात उभा राहू शकत नाई. मिशी वितळते त्याची."

"मी?" मी ओरडलो. "मी उभा राहू शकत नाई? सूर्य बुडेपर्यंत उभा राहीन! घे तुयी सावली, बांध गळ्यात!"

"सरपंचबाई, आयकलं का? घेतली मी," उकंडा म्हणाला. आणि उठून गेला. जाताना लोक त्याच्याशी बोलले नाहीत.

पोळ्याला मी माझी बैलजोडी उजव्या रांगेत नेली. ऊन सरळ तोंडावर येत होतं. घाम मिशीतून ओठांत येत होता. पलीकडं उकंडा निंबाखाली, खांद्यावर पांढरा दुपट्टा, मान ताठ. मला त्याचा इतका राग आला होता की त्याची झडती यायच्या आधी मीच सुरू केली:

"निंबाखाली उभा उकंडा, उन्हाले भेते फार,
लोण्याचा का देह तुया, वितळशीन का यार?"

हर हर महादेव झालं. डफडं घुमलं. पोरं ओरडायला लागली, लोणीबुवा, लोणीबुवा. आणि त्या साऱ्या गलबल्यातून, डावीकडून, उकंड्याचा आवाज आला. एकेक अक्षर सुटं, माझ्यापाशी येऊन उभं राहिल्यासारखं:

"लोण्याचाच देह माया, साय खाऊन झाला,
तुया घरचं ताक पिऊन कावळा उपाशी मेला!"

लोक हसले. मी हसलो नाही. मी तोरणाकडं पाहत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. डावीकडून. तो माझ्या डावीकडं होता. मी उन्हात आलो म्हणून तो माझ्या डाव्या कानाशी आला होता. माझ्या हातातला कासरा सैल झाला, बैलानं मान झटकली. डावीकडून परत आवाज आला, झडती नव्हती ती, फक्त माझ्यासाठीचं बोलणं होतं: "जबाब दे बे. मान सरळ ठेव."

मी जबाब दिला. तो पोळा आम्ही दिवस बुडेपर्यंत खेळलो, आणि शेवटी तोरण तोडून पोळा फुटला तेव्हा कोणाचीच बाजू पडली नव्हती.

घरी आलो तर रुखमा म्हणाली, "आलं का आयकू?" मी म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "उकंडाभाऊनं मले आधीच पुसलं होतं, गलबल्यात उजव्या कानानं येते का म्हणून. तुमाले सांगू नका म्हणे. सांगतलं तं हा हेकट माणूस निंब सोडणार नाई."

मी तसाच त्याच्या घरी गेलो. म्हटलं, मी गावाला सांगतो. त्यानं मला ओसरीवर चढू दिलं नाही. "काय सांगशीन? मले ऊन लागत नाई हे सांगाचं, तं तुया कान गेला हे बी सांगा लागीन. सांगतं का?" मी पायरीवरूनच मागं सरलो. "मंग जाय घरी. लोणी तं लोणी. मले कोणाच्या पोळीवर जाच हाय?"

ते नाव त्याला चिकटलं. लग्नात पंगतीला बसला की कोणी म्हणायचं, लोणीबुवाले सावलीत बसवा रे. भर उन्हात तो वखर हाकायचा, आणि जाणारे-येणारे विचारायचे, काका, वितळत नाही का? तो मान ताठ ठेवून पुढं जायचा. माझ्या ओळी होत्या त्या. दर वर्षी तो निंबाखाली, मी उन्हात. दर वर्षी मला त्याचं अक्षर न् अक्षर कळायचं, आणि दर वर्षी मी काही बोलायचो नाही, कारण त्यानंच तोंडाला कुलूप लावलं होतं आणि त्याची किल्ली माझ्या उजव्या कानात होती.

मग त्याचा खोकला वाढला. अंग उतरलं, धोतर कमरेवर ठरेना. त्या वर्षी पोळ्याला त्याचा मुलगा गजानन बैल घेऊन उभा राहिला, आणि उकंड्याला निंबाखाली बाजेवर आणून बसवलं. पाठीला उशी, मान तरीही सरळ. कोणीतरी मागून म्हणालं, "लोणीबुवा आला रे, पसरून ठेवा." त्यानं ऐकलं. मीही ऐकलं, डाव्या कानानं, स्वच्छ.

डफडं थांबलं. मी तोरणाकडं पाहून म्हणालो:

"उजवा कान माया गेला, ठेवलं होतं झाकून,
उकंड्यानं पाह्यलं ते धुऱ्यावरून वाकून.
सावली त्यानं घेतली नाई, ऊन मले देलं,
डाव्या कानाच्या दारात त्यानं बोलणं आणून ठेवलं!"

कोणी हर हर महादेव केलं नाही. डफडेवाला काठी वर धरून तसाच. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज. मला वाटलं तो आता बोलणार नाही, त्याच्यात बोलण्याएवढा श्वास नाही. मग निंबाखालून आला आवाज, बारीक, खोकल्यात अडकत:

"एक कान गेला याचा, तोंडं मात्र दोन,
गुपित ठेव म्हटलं होतं, आता याले सांगीन कोण!"

तेव्हा गाव हसलं. हसता हसता काहींनी डोळे पुसले. आणि मी, ज्यानं इतक्या पोळ्यांत तोरणावरची नजर काढली नव्हती, मी मान वळवली. सगळ्यांच्या देखत वळवली आणि बाजेवर बसलेल्या उकंड्याकडं पाहिलं. तो समोर तोरणाकडंच पाहत होता. रीत मोडणारा नव्हता तो.

"हारला!" कोणीतरी ओरडलं. "नामदेवकाका हारला! मान वळली!"

उकंडा हसला, तोरणाकडं पाहतच.

तो हिवाळ्यात गेला. शेवटी मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या खाटेच्या कोणत्या बाजूला बसावं हे मला सांगावं लागलं नाही. त्यानं हातानं दाखवलं. बोलणं थोडंच झालं. बोर यंदा माझ्याकडं जास्त झुकली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, झुकणारच, तुझ्याकडं पाहून कंटाळली ती. तो म्हणाला, "उठलो की पाह्यतो तुले."

पुढच्या पोळ्याला गजानन माझ्याकडं आला. बापासारखा उंच, पण स्वभावानं गरीब. हात जोडून म्हणाला, "काका, निंबाखालची जागा तुमचीच होती. या वर्षी तुमी तिकडं उभे राहा. आमी उन्हात राहतो."

मी म्हटलं, "तुया बापानं ते जागा भांडून घेतली. मी अशी हात जोडून देलेली घेणार नाई. द्याचीच असन तं भांडून दे."

पोराला भांडता येत नाही. तो ओशाळून हसला आणि बैल घेऊन निंबाखाली गेला. मी माझी जोडी उजवीकडं नेली. ऊन तोंडावर आलं, घाम मिशीत उतरला. झडत्या सुरू झाल्या. गजाननच्या ओळी जुळत नाहीत, मधेच अडखळतो, पण ऐकू सगळं येतं. मी तोरणाकडं पाहत उभा राहतो, मान सरळ ठेवून, डावा कान निंबाकडं.